कमरेइतक्या पाण्याचा वाद

“त्या वर्षी पाऊस कमी झाल्यामुळे तलावात पाणी बेताचेच होते. आम्ही मध्यावर पोचलो तेव्हा आमचे स्नेही गजाननराव कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, दोन्ही हात हलवीत, चक्क चालत पुढे जात असल्याचे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मैत्रीखातर आम्ही तेव्हा बोललो नाही. नोकरी त्यांना मिळाली. पोहणे मात्र आमच्यापाशी राहिले.”

हा उतारा आमच्या जलतरण मंडळाच्या नव्या स्मरणिकेतला आहे. लेखक श्री. मोरेश्वर ढोबळे, इतवारीतील कापडाचे व्यापारी व माझे बालमित्र. उताऱ्यातले गजाननराव म्हणजे मी. स्मरणिका गुळगुळीत कागदावर छापली आहे आणि तिच्या मलपृष्ठावर मोरेश्वरच्याच दुकानाची पानभर जाहिरात आहे. त्यामुळे संपादकांनी मजकुराला कात्री लावण्याचे धाडस केले नसावे.

शर्यतीत लबाडी केल्याचा आरोप मी एरवी हसून सोडून दिला असता. माझ्याविषयी नागपुरात याहून वाईट बोलले गेले आहे आणि त्यातले काही मीही रंगवून सांगितले आहे. पण ही शर्यत वेगळी होती. तीत जो पहिला येईल त्याला एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून कायमची नोकरी मिळणार होती. ती मला मिळाली. त्या नोकरीवर माझे लग्न झाले, आईचे विड्या वळणे सुटले, मुले शिकली आणि आज मी पेन्शन घेतो आहे. मोरेश्वरचे म्हणणे खरे मानले, तर मी आयुष्यभर खाल्लेले अन्न पोहून मिळवलेले नाही, चालून मिळवलेले आहे. हे मला अमान्य आहे, आणि दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे मी त्याचा रीतसर प्रतिवाद करणार आहे.

ज्यांनी पाण्यात कधी पाऊल घातले नाही त्यांच्यासाठी आधी या धंद्याची थोडी ओळख करून देतो. पोहणे म्हणजे हातपाय मारणे, असा एक समज आहे. हातपाय बुडणाराही मारतो. पोहणारा पाण्यावर आडवा पडतो, तळहाताने पुढचे पाणी पकडतो आणि स्वतःला त्याच्यावरून ओढून नेतो. पाय मागे हलत असतात ते मुख्यतः शरीर आडवे राहावे म्हणून. म्हणजे हात कमावतात आणि पाय घर सांभाळतात. पाय एकदा खाली गेले की शरीर उभे होते, आणि उभ्या शरीराला पाणी वाट देत नाही. विश्वास नसेल त्याने कमरेइतक्या पाण्यात घाईघाईने चालून पाहावे. आपण बैलगाडी ओढतो आहोत असे वाटेल. तेव्हा ज्याला पोहता येते तो जिंकण्यासाठी चालत नसतो. चालतो तो, ज्याच्याने पोहणे होईनासे होते. हा माझा पहिला मुद्दा. तो मोरेश्वरला पटण्यासारखा नाही, कारण तो गणिताचा आहे आणि गणितात आम्ही दोघेही सारखेच कच्चे होतो.

पाय टेकण्याचा मोह किती बलवान असतो, हे मला पुढे शिक्षक झाल्यावर कळले. वय झाले तशी खात्याने माझी शर्यतींतून सुटका केली आणि मला स्विमिंग पूलवर शिकवायला बसवले. तिथे नागपूरच्या सदर भागातले एक नामांकित वकील येत. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. त्यांनी पोहण्यावरचे पुस्तक आधी वाचले होते. पहिल्याच दिवशी काठाला धरण्यासाठी लावलेला लोखंडी नळ घट्ट पकडून त्यांनी मला समजावले, “मास्तर, मानवी शरीर तत्त्वतः बुडूच शकत नाही.”

“मंग नळ सोडा ना जी,” मी म्हणालो.

“तत्त्व वेगळं, नळ वेगळा,” ते म्हणाले.

हळूहळू त्यांनी नळ सोडला. नंतर काही महिने ते उथळ भागात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे डौलात पोहत, की काठावरची मंडळी माना डोलावीत. हात सुरेख, श्वास सुरेख, मान योग्य जागी. मला मात्र त्यांचे खांदे खटकत. पोहणाऱ्याचे खांदे डाव्या-उजव्या कुशीवर डुलतात. यांचे वरखाली होत होते. एके दिवशी मी पाण्यात बुडी मारून खालून पाहिले. वकीलसाहेबांचा एक पाय तरंगत होता आणि दुसरा फरशीवर लंगडी घालीत होता. मी वर येऊन त्यांच्या त्या पायाकडे बोट दाखवले. ते जराही ओशाळले नाहीत.

“मास्तर, मी आजवर प्रत्येक केस एक पाय जमिनीवर ठेवूनच लढलो,” ते म्हणाले. “आणि बहुतेक जिंकलो.”

त्यांचा तो पाय वर आणायला मला पुढचा पूर्ण उन्हाळा लागला. पण त्या दिवसापासून पाय टेकणारा माणूस मी दुसऱ्या काठावरून ओळखतो. पाय लपवता येतो, खांदे लपवता येत नाहीत. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

नोकरीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण मोरेश्वरच्या लेखात ‘सरकारी गादी’ असा एक मत्सरी शब्द आहे. गादी कसली? मला ऑफिसात एक टेबल दिले होते, ज्याचा एक पाय आखूड होता, आणि एक हेडक्लार्क दिले होते, जे मला ‘जलचर’ म्हणत. सकाळी पूलवर सराव, मग ऑफिसात हजेरी, दुपारी टपालावर शिक्के, संध्याकाळी पुन्हा सराव. केसांना क्लोरिनचा वास असा बसला होता, की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने विचारले, “तुमी दवाखान्यात काम करता का?” खात्यासाठी मी राज्यात पदके आणली. अखिल भारतीय पातळीवर पहिल्या खेपेला, पूलवरचा सराव जेमतेम सुरू झाला होता तेव्हा, आपटलो, हे मोरेश्वरने चवीने लिहिले आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे. आम्ही तलावात तयार झालेले पोहणारे. तलावाला समोर काठ असतो, तो दुरून दिसतो आणि मऊ असतो. पूलमध्ये भिंतीजवळ येताच कोलांटी मारून वळायचे असते, हे मला सांगण्यात आले होते. पण भिंत कधी जवळ येते हे सांगण्यात आले नव्हते. मी सर्वांच्या पुढे होतो आणि त्याच वेगाने भिंतीला जाऊन भिडलो. टाळूला टेंगूळ आले. पुढच्या वर्षी त्याच पूलवर मी पदक घेतले. ते मोरेश्वरला आठवत नाही. त्याची स्मरणशक्ती टेंगळापाशी थांबते.

आणि मोहल्ल्यात या चॅम्पियनची किंमत काय होती? आमच्या महाल भागातल्या विहिरींना तेव्हा पाणी असे आणि त्यांत रोज काही ना काही पडे. मी पदक घेऊन रिक्षातून उतरलो, की कोणीतरी बाई दारातच उभी.

“चॅम्पियन आले का वं? ओ भाऊ, माही बालटी पडली विहिरीत.”

“काकू, मी आत्ताच प्रवासातून आलो.”

“मंग आंघोळ करायचीच असन ना तुमाले! तिथंच करा.”

मी बादल्या काढल्या, पाण्याचे पितळी गुंड काढले, एकदा लाटणे काढले. ते विहिरीत कसे गेले, हे त्या घरच्या नवराबायकोंनी मला शेवटपर्यंत सांगितले नाही. एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी सकाळी चूळ भरताना विहिरीत गेली. तळाच्या गाळात हात फिरवून कवळी शोधणे, हे कोणत्याही स्पर्धेत नसलेले कौशल्य आहे. ते मी त्या दिवशी संपादन केले. वर आलो तेव्हा हेडमास्तर हातवारे करीत उभे होते, कारण त्यांचे बोलणे कोणालाच कळत नव्हते. त्यांनी कवळी बादलीतल्या पाण्यात खळबळून तोंडात बसवली, एकदा चावून पाहिली आणि मगच स्पष्ट उच्चारात म्हणाले, “आभारी आहे. डाव्या बाजूला जरा वाळू आहे.” माझ्या आयुष्यातले सर्वांत शुद्ध प्रशस्तिपत्र ते हेच.

असो. आता आरोपाकडे वळतो.

स्मरणिका हाती पडली त्याच दिवशी मी इतवारीत गेलो. मोरेश्वर गादीवर लोडाला टेकून बसला होता. गुडघे गेले आहेत, कानाला यंत्र आहे, पण मिशी अजून पैलवानाची आहे. मी स्मरणिका त्याच्यापुढे टाकली.

“हे काय लिहून ठेवलं गा, मोरू?”

“वाचलं का तू? चांगलं जमलं नाई?” तो खूश होऊन म्हणाला. “माह्या नातसुनेनं टाइप केलं.”

“मी चालत होतो?”

“हो.”

“मी?”

“मी पाह्यलं ना बाप्पा माह्या डोळ्यांनं. बस ना, काहून उभा राहून राहिला? लोकं म्हणतीन, गजाभाऊले उभं राहाची सवयच हाय.”

दुकानातले दोन नोकर हसले. मी बसलो, पण माघार म्हणून नव्हे.

“मोरू, तुझं तोंड पाण्यात होतं. फ्रीस्टाइल मारणाऱ्याले बाजूचं दिसते, समोरचं नाई.”

“मी थांबून पाह्यलं.”

“भर शर्यतीत? नोकरी टांगली होती तिकडं, आन् तू थांबून देखावा पाहून राहिला होता?”

“मले तुही काळजी वाटली.”

“बरं. मी जिथं चाललो म्हणतं तू, तिथं पाणी किती होतं?”

“कमरेइतकं.” उत्तर क्षणात आले. “थोडं वरच. बेंबीच्या वर.”

“तुले कसं माहीत?”

मोरेश्वरने कानाचे यंत्र चाचपले. मग नोकराकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, “अरे, चहा सांग भाऊसाठी! साखर कमी.” त्यानंतर त्याला काही ऐकू आले नाही. चहा चांगला होता. हे मी न्यायबुद्धीने नोंदवतो.

एवढ्यावर एखाद्या समंजस माणसाने हा वाद संपला असे मानले असते. त्या तलावाच्या मध्यावर पाणी किती होते, हे मला आजवर ठाऊक नव्हते. ते मला स्मरणिका वाचून कळले. पण मोरेश्वरची मांडणी वकिली आहे. तो उद्या म्हणेल की त्याने अंदाज केला. म्हणून आता ती शर्यतच सांगतो.

साठीचे दशक उतरणीला लागले होते. आम्ही दोघेही मॅट्रिक होऊन बसलेलो. मोरेश्वरच्या वडिलांचे दुकान होते, तरी त्याला कापड मोजायचे नव्हते. त्याला छातीवर खात्याचे नाव असलेला बनियन घालून मिरवायचे होते. माझे वडील गिरणीत, गिरणी कधी चालू तर कधी बंद, आणि आई दिवसभर विड्या वळत असे. मला बनियनचे काही नव्हते. पगार हवा होता. पोहण्यात आम्ही जवळपास सारखे होतो. अगदी प्रामाणिकपणे सांगायचे, तर थोड्या अंतरात तोच सरस होता. त्याची झेप माझ्यापेक्षा लांब पडे. हे मी छापून देत आहे. त्याने कापून ठेवावे.

खात्याच्या साहेबांना शर्यत शहरात नको होती, कारण शहरातल्या तलावांवर बघ्यांची गर्दी फार. म्हणून उमरेडच्या रस्त्यावरच्या एका गावचा तलाव ठरला. आम्ही एसटीने गेलो. माझी आईही आली. हातात भाकरी आणि झुणक्याची शिदोरी आणि मांडीवर विड्यांचे सूप, कारण एसटीतसुद्धा तिचे हात रिकामे राहत नसत.

तो तलाव शिंगाड्याचा होता. आपण उपासाला शिंगाड्याचे पीठ आणतो, पण शिंगाडा पाण्यात कसा असतो हे शहरातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पाण्यावर हिरव्या वेलींची चटई पसरलेली असते आणि खाली फळे. प्रत्येक फळाला दोन बाजूंना दोन शिंगे, बाभळीच्या काट्यासारखी टणक. पिकलेली फळे तोडली जात नाहीत तेव्हा गळून तळाला बसतात, गर कुजतो आणि शिंगे राहतात. वर्षानुवर्षांची शिंगे तळाच्या गाळात टोके वर करून पडलेली असतात. तलावात मासेमारी करणारे ढीवर लोक लाकडी डोंग्यात बसून शिंगाडे काढतात ते उगाच नव्हे.

आमच्यासाठी वेली कापून मधून एक पट्टा मोकळा केला होता. तो करणारे सुकाजी ढीवर डोंगा घेऊन काठाशी उभे होते. साहेबांनी नियम सांगितला: या काठावरून त्या काठावर, मध्ये पाय टेकला तर बाद. सुकाजी त्यावर हसले.

“साहेब, हे सांगाचं कामच नाई जी. इथं पाय टेकनारा सोताच बाद होते. आमची म्हैसबी ह्या तलावात पाय देत नाई. पोराहो, पाय खाली नेजा नोको गा.”

मी ऐकले. मोरेश्वरने ऐकले नाही, कारण त्या वेळी तो वीसेक पावलांवर एका फोटोग्राफरपुढे उभा राहून छाती फुगवीत होता. अंगाला तेल चोपडले होते. फोटोग्राफर म्हणत होता, “अजून थोडी फुगवा,” आणि मोरेश्वरकडे छातीची कमतरता कधीच नव्हती.

शिट्टी झाली. मोरेश्वरने झेप घेतली आणि पहिल्याच सपाट्यात तो माझ्या पुढे गेला. पाणी थंड होते, वेलींचे तुकडे तोंडात येत होते. मी घाई केली नाही. लांब शर्यतीत आधी श्वास बसवावा लागतो, मग वेग. माझ्या डोळ्यांसमोर साहेब नव्हते आणि नोकरीही नव्हती. खरे सांगायचे तर विड्यांचे ते सूप होते. मध्यापर्यंत मी मोरेश्वरला गाठले. श्वासाला मान वळवली तेव्हा तो अगदी शेजारी होता, आणि त्याचे तोंड वेडेवाकडे झाले होते. पुढच्या श्वासाला पाहिले तर तो मागे पडला होता. त्याचे खांदे डावी-उजवीकडे डुलत नव्हते. वरखाली होत होते.

खांदे काय सांगतात ते तेव्हा मला कळत नव्हते. तो दमला असावा, एवढेच वाटले. मी समोरच्या काठाला हात लावला आणि मागे पाहिले, तेव्हा मोरेश्वर पुन्हा आडवा होऊन पोहत होता. साहेब सुकाजींच्या डोंग्यातून माझ्या बाजूने येत होते, त्यामुळे मधले काहीच त्यांनी पाहिलेले नव्हते. मी पहिला, मोरेश्वर दुसरा. दुसऱ्यालाही चांदीच्या मुलाम्याचा एक पेला होता.

पेला द्यायला नाव पुकारले तेव्हा मोरेश्वर एक चप्पल घालून, दुसरी हातात घेऊन आला. साहेब म्हणाले, “अशीच मस्ती पाहिजे खेळाडूंत!” सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग तो आमच्याकडे आला. आई आंब्याच्या झाडाखाली शिदोरी सोडत होती. तो तिच्यापुढे मटकन बसला.

“काकू, जरा पाह्यता का वं? लय ठसठसून राहिलं.”

आईने त्याचा पाय मांडीवर घेतला. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पदराने पुसली आणि कामाला लागली. विड्या वळणाऱ्या बोटांना बारीक काम सवयीचे असते. मोरेश्वर ओरडत होता आणि ती त्याला गप्प करीत होती. मध्येच ती थांबली. त्याच्या तळव्याकडे पाहिले, मग दुसरा पाय ओढून घेतला, तोही पाहिला.

“काहून रे बाप्पा,” ती म्हणाली, “तू पोहून राहिला होता का चालून राहिला होता?”

मोरेश्वरने मान खाली घातली. “गोळा आला होता काकू, पोटरीत. बुडतो का काय वाटलं. थोडंसंच चाललो.”

मी उठलो. साहेब अजून जीपपाशी होते. दुसऱ्या आलेल्याने नियम मोडला, हे सांगायला मला दहा पावले जावे लागले असते. आईने माझ्याकडे न पाहता म्हटले, “बस. तुले भेटलं ना तुह्यं? त्याचा पेला काहून घेतं? भीतीपोटी चालला पोट्टा, चोरीपोटी नाई. कोनाले सांगजो नोको.”

मी बसलो, आणि तिच्या हयातीत व नंतरही कोणाला सांगितले नाही. तो पेला आजही मोरेश्वरच्या दुकानात गणपतीच्या तसबिरीजवळ आहे. त्यात उदबत्त्या ठेवतात. पण आईने मला गप्प राहायला सांगितले होते. तो माझ्यावर आरोप छापील, तेव्हाही गप्प राहा, असे तिने सांगितले नव्हते.

मोरेश्वर खोटे बोलतो, असे मी म्हणत नाही. त्या तलावात एक माणूस कमरेइतक्या पाण्यातून चालला, हे त्याला पक्के आठवते, आणि ते खरे आहे. तो कोण होता एवढेच तो विसरला आहे. त्याला आठवावे म्हणून, आणि स्मरणिकेच्या संपादकांच्या माहितीसाठी, शेवटची गोष्ट लिहून ठेवतो.

त्या दिवशी आंब्याच्या झाडाखाली मोरेश्वरचे काम आटोपल्यावर आईने माझेही दोन्ही पाय मांडीवर ओढून घेतले आणि तळव्यांवरून अंगठा फिरवून पाहिला. मग तिने सेफ्टी पिन पुसून परत बांगडीला अडकवली. माझ्या पायांत एकही काटा नव्हता.